सोलरचा गरम नळ फुसफुसतोय? पाइपने 'एअर' धरली असेल. हवा कशी काढायची, रिकामी टाकी कधी भरायची?

पाटोदा : गार पाण्याचा नळ धो धो चालतो, शेजारचा गरम पाण्याचा नळ मात्र फुसफुस करून थांबतो. छतावर सोलर वॉटर हीटर आहे, आदल्या दिवशी ऊनही कडक होते, तरी बादलीत गरम पाणी पडत नाही. वरची टाकी एकदा कोरडी पडून पुन्हा भरली की असा अनुभव अनेक घरांत येतो.

सोलर बिघडला, असा समज करून मग मेकॅनिकची वाट पाहिली जाते. तोवर चूल पेटते किंवा बादलीत रॉड पडतो. प्रत्यक्षात पुष्कळदा यंत्र धडधाकट असते आणि पाइपात हवा अडकलेली असते. प्लंबरच्या भाषेत लाइनने 'एअर धरलेली' असते. ही हवा काढणे अवघड नाही. मात्र सोलरची टाकी रिकामी झालेली असेल आणि भर उन्हात तिच्यात गार पाणी सोडले, तर काचेच्या नळ्या क्षणात तडकू शकतात. म्हणून हवा कशी काढायची याबरोबरच पाणी कधी भरायचे, हेही माहीत हवे.

सोलर चालतो कसा?

जुन्या तांब्याच्या बंबाची आठवण असेल तर हे लगेच समजेल. काही बंबांत वरून गार पाणी ओतले की ते नळकांड्यातून तळाशी जाते आणि वरच्या तोटीतून गरम पाणी बाहेर पडते. गरम पाणी हलके असल्याने वर राहते, गार पाणी जड असल्याने तळाशी बसते.

छतावरचा सोलर याच तत्त्वावर चालतो. उन्हाने नळ्यांतले पाणी तापते, हलके होऊन वरच्या टाकीत चढते आणि त्याच्या जागी टाकीतले गार पाणी खाली उतरते. हे चक्र दिवसभर आपोआप सुरू राहते. त्याला पंप लागत नाही, वीज लागत नाही.

घरात पाणी येण्याची व्यवस्थाही तशीच आहे. उंचावरच्या साध्या टाकीतून गार पाणी सोलरच्या टाकीत खालच्या बाजूने शिरते आणि वरच्या बाजूचे गरम पाणी पाइपाने बाथरूमकडे जाते. म्हणजे गरम पाण्याला ढकलणारा जोर फक्त वरच्या टाकीतल्या पाण्याच्या उंचीचा असतो.

हवा शिरते कुठून?

पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेत, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. मांजरा नदी याच तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, पण पाणी उताराने खाली निघून जाते. उन्हाळ्यात बोअर आटतात, नळाला पाणी येण्याचे दिवस लांबतात, टँकर येईपर्यंत घरची टाकी तळाला जाते. हवा शिरण्याचा पहिला रस्ता हाच.

- टाकी कोरडी पडणे : वरून पाणी येणे थांबले आणि तरी कोणी गरम नळ उघडला, की पाइपातले पाणी खाली उतरते. रिकाम्या जागेत हवा शिरते.
- पाणी उलटे जाणे : सोलरला जाणारी गार पाण्याची लाइन स्वतंत्र नसेल आणि तिच्यावर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) नसेल, तर सोलरच्या टाकीतले पाणीही उलटे येऊन खालच्या नळांनी निघून जाते. अशा घरात सोलरची टाकीच रिकामी होते.
- पाण्यातली हवा : पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात जेवढा ऑक्सिजन मावतो, त्याच्या साधारण निम्माच ६० अंशांच्या पाण्यात राहतो. उरलेला बुडबुड्यांच्या रूपाने पाइपाच्या उंच भागात साठतो.

एवढीशी हवा पाणी कशी अडवते?

अनेक घरांत गरम पाण्याचा पाइप सोलरमधून निघून गच्चीच्या कठड्यावर चढतो, भिंतीवरून खाली उतरतो आणि शॉवरसाठी पुन्हा वर चढतो. खरी अडचण या चढ-उतारात आहे.

समजा, वरच्या टाकीतले पाणी कठड्यावरच्या पाइपापेक्षा २ फूट उंच आहे. बाथरूममध्ये पाइप पुन्हा ४ फूट वर चढतो. सगळा पाइप पाण्याने भरलेला असेल तर काही अडचण नाही. उतरत्या पाइपातल्या पाण्याचा जोर पुढच्या चढाला कामी येतो. पण उतरत्या भागात हवा असेल तर तो जोर मिळत नाही. चढत्या भागातल्या पाण्याचे ओझे मात्र तसेच राहते. २ फुटांचा जोर ४ फुटांचे ओझे उचलू शकत नाही आणि नळ कोरडा राहतो.

गार पाण्याचा नळ त्याच टाकीवर असूनही नीट चालतो, कारण त्याचा पाइप बहुधा सरळ खाली येतो. हवेला अडकायला जागाच नसते.

हवाच आहे की दुसरे काही?

गच्चीवर चढण्याआधी नळाची लक्षणे पाहा.

- गरम नळ फुसफुसतो, थांबून थांबून येतो किंवा येतच नाही; गार नळ चांगला चालतो : हवा अडकल्याची शक्यता सर्वाधिक. सोलरकडे जाणारा कॉक कोणी बंद केलेला नाही ना, हे आधी पाहा. एनआरव्ही अडकल्यावरही हेच लक्षण दिसते.
- गरम नळाला पाणी जोरात येते, पण गार : ही नळाच्या लाइनमधली हवा नव्हे. ढगाळ हवामान, नळ्यांवरची धूळ, रात्रीच गरम पाणी संपणे किंवा मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये शिरणे, यापैकी कारण असू शकते.
- काचेच्या नळीचे खालचे टोक चांदीसारखे चमकण्याऐवजी पांढरे पडले : त्या नळीच्या दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली. ती नळी बदलावी लागते.
- दुपारी तांब्याचे पॅनेल प्रचंड तापले, आतून गुडगुड आवाज येतो, पण टाकीतले पाणी गार : पॅनेल आणि टाकी यांच्यातले पाण्याचे फिरणे थांबले आहे. इथे हवा किंवा क्षार अडकलेले असतात.

भर उन्हात पाणी का सोडायचे नाही?

काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये प्रत्येक नळीला दोन काचा असतात आणि मधली हवा काढून घेतलेली असते. थर्मासप्रमाणे ही नळी आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आत पाणी असते तोवर उष्णता पाण्यात जाते. नळी कोरडी असेल तर कडक उन्हात तिच्या आतल्या काचेचे तापमान २०० अंशांच्या पुढे जाऊ शकते.

एवढ्या तापलेल्या काचेवर गार पाणी पडले, की काच अचानक आकसते आणि तडकते. चुलीवरच्या तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी वाफही उसळते. दुपारी टँकर आला, टाकी भरली आणि सोलरचा कॉक उघडला, तर हे घडू शकते.

सावली आली की लगेच भरावे, असेही नाही. थर्मासमधला चहा जसा तासन्‌तास गरम राहतो, तशा या नळ्याही सावकाश निवतात. रात्रभर थांबून सूर्योदयापूर्वी पाणी भरणे सर्वात सुरक्षित. दिवसा टाकी भरायची असेल तर आधी सोलरचा कॉक बंद करा. टाकी भरू द्या आणि सोलरचा कॉक पहाटे उघडा.

सोलरमध्ये पाणी आहे की नाही, याची खात्री नसेल तर ती रिकामी आहे, असे धरूनच चाला.

हवा काढण्याच्या पायऱ्या

खालील पद्धत वरच्या टाकीच्या उतारावर चालणाऱ्या साध्या सोलरसाठी आहे. लाइनवर प्रेशर पंप असेल तर स्वतः हात न घालता कंपनीच्या माणसाला बोलवावे.

१. सोलरमध्ये वीज कॉइल असेल तर तिचा एमसीबी बंद करा. कोरड्या टाकीत कॉइल सुरू राहिली तर ती जळते.

२. वरची टाकी निदान पाऊण भरलेली असावी. पाण्याची उंची जितकी जास्त, तितका हवा ढकलायला जोर जास्त. काचेच्या नळ्यांचा सोलर रिकामा असेल तर टाकी भरण्यापुरतेच नव्हे, नळ्यांपुरतेही पाणी लागते. ५८ मिलिमीटर जाडीच्या आणि १.८ मीटर लांबीच्या दहा नळ्यांतच पंचवीसेक लिटर पाणी मावते.

३. घरातला सर्वात खालचा गरम नळ, म्हणजे बहुधा बादलीचा नळ, पूर्ण उघडा. खाली बादली ठेवा. हे पाणी वाया घालवू नका. धुण्याला, सांडण्याला चालते.

४. सोलरकडे जाणारा कॉक आधी थोडा आणि पाच-दहा मिनिटांनी पूर्ण उघडा. पाणी सावकाश चढले तर हवेला वर निसटायला वेळ मिळतो. एकदम सोडले तर हवा मध्येच कोंडली जाते.

५. नळातून फुसफुस, मग पाण्याचे फवारे आणि शेवटी सलग धार येईल. धार सलग झाली की तो नळ बंद करून त्याच्या वरचा उघडा. शॉवर सर्वात शेवटी.

६. तरीही पाणी आले नाही, तर गार लाइनच्या पाण्याने हवा मागे ढकलता येते. नळ गार असताना गार आणि गरम तोटीला रबरी नळीचे एकेक टोक क्लिपने घट्ट बसवा. आधी गरम आणि मग गार तोटी १०-१५ सेकंद उघडा, बंद करा. असे तीन-चार वेळा करा. या वेळी गच्चीवर सोलरजवळ कोणी उभे राहू नये. गरम लाइनवर एनआरव्ही असेल तर हा उपाय चालणार नाही.

७. शेवटी सगळे गरम नळ एकेक करून तपासा आणि त्यानंतरच कॉइलचा एमसीबी सुरू करा.

पाइपाला तोंड लावून हवा ओढण्याचा उपाय काही जण करतात. तो मुळीच करू नये. काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये उन्हाळ्यात पाणी ८० अंशांपर्यंत तापू शकते. ६० अंशांचे पाणी प्रौढ माणसाची कातडीही काही सेकंदांत गंभीर भाजते. लहान मुले आणि वृद्धांना त्याहून कमी वेळ पुरतो. हवा निघताना गरम पाणी अचानक उसळते, म्हणून मुलांना बाथरूमपासून दूर ठेवा.

तांब्याच्या पॅनेलचा सोलर असेल तर?

जुन्या सपाट पॅनेलमध्ये काळ्या पत्र्यामागे तांब्याच्या बारीक नळ्या असतात. वरच्या आडव्या पाइपात हवा साठली की पाणी फिरणे थांबते. त्या पाइपाच्या टोकाला प्लग असेल तर पॅनेल गार असताना, पहाटे तो थोडा सैल करा. आधी हवा सुटेल, मग पाणी येईल. पाणी आले की घट्ट करा.

प्लग नसेल तर पॅनेल तळाच्या कॉकने रिकामे करून पुन्हा सावकाश भरावे. पॅनेलची वरची बाजू टाकीच्या दिशेने किंचित चढती हवी. एका बाजूची वीट खचून पॅनेल तिरके झाले असेल, तर हवा काढूनही पुन्हा पुन्हा अडकत राहते.

तो उभा पाइप बंद करू नका

सोलरच्या टाकीवर एक उघडा पाइप उभा असतो. त्याला व्हेंट म्हणतात. त्यातून पाणी सांडते, पाखरे घाण करतात, म्हणून काही घरांत त्याला बूच मारलेले दिसते. ही मोठी चूक आहे.

पाणी तापल्यावर निघणारी हवा आणि वाफ याच पाइपाने बाहेर जाते. टाकीतले पाणी उतरते, तेव्हा हवा याच पाइपाने आत येते. तो बंद असेल तर वाफेचा दाब वाढून टाकी फुगते, किंवा पाणी उतरताना आत पोकळी होऊन पातळ पत्र्याची टाकी आत चेपते.

व्हेंटमधून सतत पाणी सांडत असेल तर त्याचे टोक वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे, असा अर्थ. पाइप त्या पातळीच्या निदान फूटभर वर न्यावा. पाखरांसाठी टोकाला जाळी चालते, बूच नाही.

ऊसतोडीला जाताना घर बंद राहणार असेल तर?

बीड जिल्ह्यातून, विशेषतः पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर या डोंगरपट्ट्यातून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. ज्या घरावर सोलर आहे आणि घर पाच-सहा महिने बंद राहणार आहे, तिथे पाणी न वापरताच रोज तापत राहते. वाफ व्हेंटने जात राहते आणि वरची टाकी कोरडी पडली की नळ्याही हळूहळू कोरड्या होतात. माणसे परततात ती नेमकी कडक उन्हात. आल्या आल्या टाकी भरून कॉक उघडला, तर नळ्या फुटण्याचा धोका सर्वात जास्त तेव्हाच असतो.

- जाताना : सूर्योदयापूर्वी सोलरचा कॉक बंद करून टाकी रिकामी करा. नळ्यांवर जाड ताडपत्री किंवा गोणपाट घट्ट बांधा, एमसीबी बंद ठेवा. व्हेंट उघडाच राहू द्या.
- परतल्यावर : आधी टाकी धुऊन घ्या. दुसऱ्या दिवशी पहाटे सोलर भरा. गरम नळाला सलग धार आली की मगच ताडपत्री काढा.
- घरी म्हातारी माणसे मागे राहणार असतील तर : सोलर सुरू ठेवता येतो, पण त्यांना गच्चीवर चढायला लागू नये. टाकी कोरडी पडली तर काय करायचे, हे शेजारच्या एखाद्या तरुणाला दाखवून ठेवा. सोलरचा कॉक जिन्यातून हाताला येईल असा बसवून घेतला तर उत्तम.

बोअरच्या पाण्याचे काय?

पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानला आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. बेसाल्ट खडकातल्या अनेक बोअरचे पाणी जड असते. तापल्यावर त्यातले क्षार पांढऱ्या थराच्या रूपाने बसतात, जसे पाणी तापवण्याच्या पातेल्याला बसतात.

हा थर पाइपाचे तोंड अरुंद करतो, एनआरव्ही अडकवतो आणि व्हेंटही बुजवू शकतो. तांब्याच्या बारीक नळ्यांना याचा त्रास जास्त. म्हणून जड पाण्याच्या गावात नवा सोलर घेताना काचेच्या नळ्यांचा प्रकार सोयीचा पडतो. वर्षातून एकदा पहाटे तळाचा कॉक उघडून गाळ काढावा आणि व्हेंट मोकळा आहे ना, हे पाहावे.

परदेशातल्या घरात रेडिएटर असेल तर?

ब्रिटन, जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. तिथे खोल्या उबदार ठेवण्यासाठी भिंतीवर रेडिएटर असतात आणि त्यातून गरम पाणी फिरते. रेडिएटर खाली गरम, वर गार लागला, तर वरच्या भागात हवा साठली आहे.

हीटिंग बंद करून रेडिएटर निवू द्यावा. वरच्या कोपऱ्यातला छोटा व्हॉल्व्ह किल्लीने पाव फेरा उघडावा, खाली फडके धरावे. हवेचा 'सूं' आवाज थांबून पाणी आले की लगेच बंद करावा. हवा गेली की दाब उतरतो, म्हणून बॉयलरचा काटा पाहावा. घरगुती यंत्रणेत गार असताना तो साधारण १ ते १.५ बार असतो. कमी झाला असेल तर पाणी भरण्याच्या कॉकने वाढवावा. भाड्याच्या घरात आधी घरमालकाला विचारलेले बरे.

१ बार म्हणजे सुमारे १० मीटर उंच पाण्याचा दाब. आपल्या गच्चीवर मीटरभर उंचीची टाकी जेमतेम ०.१ बार दाब देते. रेडिएटरमधली हवा दाबानेच बाहेर फेकली जाते. आपल्याकडे तो जोर नसल्याने पाइपाचा उतार नीट असावा लागतो.

पुन्हा हवा अडकू नये म्हणून

प्लंबर पुढच्या वेळी येईल तेव्हा ही कामे करून घ्या.

- सोलरसाठी वरच्या टाकीतून स्वतंत्र लाइन आणि तिच्यावर एनआरव्ही.
- वरच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा उंच.
- गरम पाइप कठड्यावरून न नेता कठड्याला भोक पाडून सरळ खाली. ते शक्य नसेल तर सर्वात उंच जागी 'टी' लावून एक उघडा पाइप वर.
- खाली उतरलेला पाइप शक्यतो पुन्हा वर चढू नये.

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे साडेचार युनिट वीज लागते. वर्षातले ३०० दिवस ऊन मिळाले तर हिशेब चौदाशे युनिटांच्या आसपास जातो. पाइपात अडकलेल्या हवेमुळे सोलर महिनाभर बंद राहिला, तर तेवढा भार वीजबिलावर किंवा सरपणावर पडतो.

थोडक्यात

- गार नळ चालू, गरम नळ फुसफुस : आधी हवा तपासा.
- रिकामा सोलर फक्त पहाटे, सूर्योदयापूर्वी भरा.
- आधी खालचा नळ, शेवटी शॉवर उघडा.
- व्हेंटला बूच कधीही नको.
- भरताना कॉइलचा एमसीबी बंद.
- घर बंद राहणार असेल तर टाकी रिकामी, नळ्या झाकलेल्या.